सामायिक लॉगिंग आणि टेस्टिंग लायब्ररी: काय आत ठेवायचं, काय बाहेर

चार-पाच सर्व्हिसेस उभ्या राहिल्या की प्रत्येक रेपोत 'कॉमन' किंवा 'युटिल्स' नावाचं एक फोल्डर हमखास सापडतं. त्यात लॉगरची जुळवाजुळव करणारी एक फाइल असते, टेस्टसाठी डेटाबेस उभा करणारी दुसरी, आणि दोन्ही कुठल्या तरी जुन्या प्रोजेक्टातून उचललेल्या. पुढे प्रत्येक प्रत आपापल्या वाटेने जाते. एका सर्व्हिसमध्ये वेळ यूटीसीत, दुसरीत सर्व्हरच्या स्थानिक वेळेत; एकीत 'युजर_आयडी', दुसरीत नुसतं 'युजर'. एखादी रिक्वेस्ट तीन सर्व्हिसेसमधून फिरून कुठे अडकली ते रात्री शोधायला बसलं की या फरकांची किंमत कळते.

उपाय सगळ्यांनाच सुचतो: हा कोड एका जागी आणू, लायब्ररी करू. कल्पना योग्यच आहे. पण लॉगिंग आणि टेस्टिंग या दोन्ही गोष्टी जवळजवळ प्रत्येक फाइलपर्यंत पोहोचतात, त्यामुळे इथे घेतलेला चुकीचा निर्णय नंतर उपटून काढणं फार जड जातं. खाली सगळं काम क्रमाने घेतलं आहे. उदाहरणं मुख्यतः पायथॉनची आहेत. जिथे फरक पडतो तिथे जावा, गो आणि जावास्क्रिप्टचा उल्लेख येईल. सगळ्यामागे माझा आग्रह एकच आहे: लायब्ररीने सोय पुरवावी, निर्णय ॲप्लिकेशनकडे ठेवावेत.

पायरी १: आधी पाहणी, मग करार, कोड शेवटी

सगळ्या रेपोंमधलं लॉगिंगचं कॉन्फिगरेशन उघडून शेजारी-शेजारी ठेवा. प्रत्येक सर्व्हिसची एक-एक खरी लॉग ओळ घ्या आणि पाहा: वेळ कशी लिहिली आहे, पातळी कुठल्या अक्षरांत, सर्व्हिसचं नाव आहे का, रिक्वेस्ट ओळखण्यासाठी काही आहे का, एरर आल्यावर स्टॅकट्रेस एका नोंदीत बसतो की पन्नास ओळींत फुटतो. टेस्टच्या बाजूलाही हेच: कुठले फिक्स्चर (टेस्टआधीची तयारी करून देणारे तुकडे) खरोखर सारखे आहेत आणि कुठले नुसते सारखे दिसतात?

या पाहणीतून बहुतेक वेळा असं निघतं की सामायिक करण्यासारखा कोड थोडाच आहे, ठरवून घेण्यासारख्या गोष्टी मात्र खूप आहेत. म्हणून पहिला दस्तऐवज एका पानाचा करार असावा. वेळ नेहमी यूटीसीत आणि आरएफसी ३३३९ या तारीख-वेळेच्या मानकाच्या स्वरूपात. फील्डची नावं ठरलेली, स्पेलिंगसकट. एका घटनेची नोंद म्हणजे एक जेसन ओळ, स्टॅकट्रेससुद्धा तिच्याच आत. नोंदी स्टँडर्ड आउटपुटवर. त्या फाइलीत जातील की दुसऱ्या कुठल्या यंत्रणेत, हे चालवणाऱ्या वातावरणाने बघावं.

पातळ्यांचा अर्थ ठरवायला मात्र वेळ द्या, कारण इथे प्रत्येक भाषेचा हिशोब वेगळा आहे. सिसलॉग या लॉग-मानकाच्या आरएफसी ५४२४ मध्ये ० ते ७ अशा आठ पातळ्या आहेत आणि ० सर्वांत गंभीर. पायथॉनमध्ये पाच, आणि आकडे उलट दिशेने चढतात: डीबग १०, इन्फो २०, वॉर्निंग ३०, एरर ४०, क्रिटिकल ५०. गोच्या एसलॉग या लॉगिंग पॅकेजमध्ये डीबग उणे ४, इन्फो ०, वॉर्न ४, एरर ८. म्हणून लॉगमध्ये आकडा न लिहिता नाव लिहा आणि नावाचा अर्थ कृतीने बांधा. मला उपयोगी पडलेली व्याख्या अशी: एरर म्हणजे कुणीतरी माणसाने बघायलाच हवं. वॉर्निंग म्हणजे प्रोग्रामने स्वतः सावरून घेतलं, पण हे वारंवार होत असेल तर बघावं लागेल. इन्फो म्हणजे कामकाजातली महत्त्वाची घटना. बाकी सगळं डीबग. ग्राहकाने चुकीचा पासवर्ड टाकला हा एरर नाही. तो एरर म्हणून नोंदवणाऱ्या सर्व्हिसचे अलर्ट काही आठवड्यांत कुणीच उघडून बघत नाही.

एवढं झाल्यावर विचारा: कराराची अंमलबजावणी करायला कोड लागतोय का? दोनच सर्व्हिसेस असतील आणि त्याही वेगळ्या भाषांत, तर करार पुरतो. तोच कोड तिसऱ्यांदा लिहायची वेळ आली की लायब्ररी करा, त्याआधी घाई नको. दोन प्रतींवरून काढलेल्या सामायिक कोडमध्ये त्या दोघांच्या सवयी तेवढ्या उतरतात.

पायरी २: दोन पॅकेजेस, एक नव्हे

लॉगिंगचा कोड प्रॉडक्शनमध्ये चालतो. टेस्टिंगचा कोड तिथे पोहोचताच कामा नये. दोन्ही एकाच 'कॉमन' पॅकेजात कोंबले की टेस्टसाठी लागणारी डझनभर पॅकेजेस प्रॉडक्शनच्या इमेजमध्ये जाऊन बसतात, आणि त्यांतल्या प्रत्येकाच्या सुरक्षा-त्रुटी तुमच्या खात्यावर जमा होतात.

पायथॉनमध्ये टेस्टचं पॅकेज डेव्हलपमेंटच्या डिपेंडन्सीत टाका, मेव्हनमध्ये त्याला 'टेस्ट' स्कोप द्या, एनपीएममध्ये 'डेव्ह डिपेंडन्सीज'खाली. ग्रेडलमध्ये 'जावा-टेस्ट-फिक्स्चर्स' हा प्लगइन याच कामासाठी आहे: एखाद्या मॉड्यूलचे टेस्टसाठीचे साहाय्यक क्लास दुसऱ्या मॉड्यूलच्या टेस्टना वापरता येतात, पण मुख्य कोडला दिसत नाहीत.

'कॉमन' हे नावही टाळा. त्या नावाच्या पॅकेजात काय नको ते कुणालाच सांगता येत नाही, त्यामुळे सहा महिन्यांत तिथे तारखा, चलन, ईमेल सगळं येऊन पडतं.

पायरी ३: नोंद कोण करतो, मांडणी कोण करतो

सगळ्यांत जास्त घोळ इथे होतो, म्हणून इथे जरा थांबू.

लॉगिंगमध्ये दोन वेगळी कामं आहेत. पहिलं, 'असं असं झालं' ही नोंद करणं. दुसरं, त्या नोंदीचं काय करायचं ते ठरवणं: कुठल्या पातळीपासून दाखवायच्या, कुठल्या स्वरूपात, कुठे पाठवायच्या. पहिलं काम कुठलाही कोड करू शकतो. दुसरं काम फक्त ॲप्लिकेशनच्या प्रवेशद्वाराशी, म्हणजे 'मेन'मध्ये, एकदाच व्हायला हवं.

पायथॉनचं लॉगिंग मॉड्यूल २००३ च्या २.३ व्हर्जनपासून भाषेसोबतच येतं, आणि त्याची रचना याच विभागणीवर उभी आहे. लायब्ररीतल्या प्रत्येक फाइलने मॉड्यूलच्या नावाने लॉगर घ्यायचा, त्यावर नोंदी करायच्या, आणि फार तर पॅकेजच्या मुख्य लॉगरला 'नलहँडलर' जोडायचा (हँडलर म्हणजे नोंद कुठेतरी पोहोचवणारा भाग; हा काहीच करत नाही). बस. लायब्ररीने 'बेसिककॉन्फिग'ला, म्हणजे लॉगिंगची झटपट मांडणी करणाऱ्या फंक्शनला, हाक मारायची नाही, सगळ्यांच्या मुळाशी असलेल्या रूट लॉगरला हात लावायचा नाही, पातळी बदलायची नाही. इम्पोर्ट होताक्षणी लॉगिंगची मांडणी करणारी लायब्ररी ॲप्लिकेशनच्या हातून निर्णय हिसकावून घेते. त्यात 'बेसिककॉन्फिग'चा स्वभाव असा की रूटवर आधीच हँडलर असेल तर ते गुपचूप काहीच करत नाही. म्हणजे लायब्ररीने आधी हाक मारली असेल, तर ॲप्लिकेशनने नंतर दिलेलं कॉन्फिगरेशन निमूटपणे दुर्लक्षिलं जातं. ३.८ व्हर्जनपासून 'फोर्स' हा पर्याय आहे, पण त्याची गरज पडत असेल तर कुठेतरी कुणीतरी नको तिथे मांडणी करतंय असं समजा.

मग सामायिक लॉगिंग लायब्ररीत असतं काय? तीन गोष्टी: कराराप्रमाणे जेसन ओळ बनवणारा फॉर्मॅटर, ट्रेस आयडीसारखी (एक रिक्वेस्ट सगळ्या सर्व्हिसेसमध्ये ओळखण्याची खूण) फील्डं जोडणारा आणि गुप्त माहिती झाकणारा फिल्टर, आणि या दोघांना जोडून देणारं एक फंक्शन, जे ॲप्लिकेशन स्वतःच्या 'मेन'मधून स्वतः बोलावतं. त्या फंक्शनला सर्व्हिसचं नाव आणि पातळी हे दोनच पॅरामीटर पुरतात. वीस पर्याय असलेलं सेटअप फंक्शन दिसलं की समजावं, प्रत्येक टीमने आपापला जुना फॉरमॅट त्यात जपून ठेवला आहे.

काय ठेवू नये तेही सांगतो: स्वतःचा लॉगर क्लास. 'लॉग इन्फो', 'लॉग एरर' अशी स्वतःची फंक्शनं लिहून आत मूळ लॉगरला हाक मारायचा मोह प्रत्येक टीमला होतो. परिणाम असा की प्रत्येक नोंदीत फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक त्या साहाय्यक फंक्शनचा येतो, खऱ्या जागेचा नाही. ३.८ पासून 'स्टॅकलेव्हल' देऊन हे दुरुस्त करता येतं, पण मुळात गुंडाळीची गरजच नसते. भाषेचा स्वतःचा लॉगर वापरला की बाहेरच्या लायब्ररींच्या नोंदीसुद्धा त्याच फॉर्मॅटरमधून जातात. स्वतःचा क्लास केला की त्या वेगळ्याच दिसत राहतात.

'डिक्टकॉन्फिग' (डिक्शनरीतून लॉगिंगची मांडणी करणारं फंक्शन) वापरत असाल तर एक खाचखळगा ठाऊक असू द्या. 'डिसेबल_एक्झिस्टिंग_लॉगर्स' या पर्यायाची मूळ किंमत 'ट्रू' आहे. त्यामुळे कॉन्फिगरेशन लागू होण्याआधी तयार झालेले आणि त्यात नाव नसलेले लॉगर बंद पडतात. मॉड्यूलच्या वरच्या भागात लॉगर घेण्याची पद्धत असल्यामुळे इम्पोर्ट झालेल्या जवळजवळ सगळ्या मॉड्यूलांना हा फटका बसू शकतो. नोंदी गायब, एरर काहीच नाही. तुमच्या सामायिक सेटअप फंक्शनमध्ये तो पर्याय स्पष्टपणे 'फॉल्स' करा. लायब्ररी केल्याचा एवढा एक फायदासुद्धा पुरेसा आहे.

आणि नोंद दोनदा दिसत असेल, तर हँडलर एकाहून अधिक पातळ्यांवर लावलेला असतो: मधल्या लॉगरवर एक, रूटवर दुसरा, आणि नोंद वर-वर जात दोन्हींना भेटते. हँडलर फक्त रूटवर लावा.

जावात ही विभागणी आणखी ठळक आहे. लायब्ररीने फक्त एसएलएफफोरजे या नोंद करण्यापुरत्या सामायिक एपीआयवर अवलंबून राहायचं. मागे लॉगबॅक चालवायचं की लॉगफोरजे, ते ॲप्लिकेशन ठरवतं. लायब्ररीने स्वतःसोबत अंमलबजावणीही आणली की क्लासपाथवर दोन-दोन प्रोव्हायडर जमतात. गोमध्ये १.२१ व्हर्जनपासून, म्हणजे २०२३ पासून, एसलॉग भाषेच्या स्टँडर्ड लायब्ररीतच आहे. तिथे सामायिक पॅकेजने लॉगर पॅरामीटर म्हणून घ्यावा. नोडमध्ये वेगळीच अडचण: एनपीएम एकाच पॅकेजची दोन व्हर्जनं शेजारी बसवू शकतं, आणि मग सेटअप एका प्रतीवर होतं, नोंदी दुसरीवर. लॉगिंगचं पॅकेज 'पीअर डिपेंडन्सी' म्हणून, म्हणजे ॲप्लिकेशनने बसवलेलीच प्रत, मागा.

पायरी ४: ट्रेस आयडी आणि इतर फील्डं

'ऑर्डर ४५१ साठी पेमेंट अडलं' असं वाक्य माणसाला वाचायला ठीक, पण शोधायला वाईट. घटना स्थिर शब्दांत ठेवा ('पेमेंट अडलं') आणि बदलणारी माहिती वेगळ्या फील्डात द्या ('ऑर्डर_आयडी': ४५१). मग 'ही घटना गेल्या तासात किती वेळा' हा प्रश्न एका शोधात सुटतो.

पायथॉनमध्ये ही माहिती 'एक्स्ट्रा'मधून जाते, आणि तिथे एक सापळा आहे. 'नेम', 'मॉड्यूल', 'फाइलनेम', 'मेसेज' ही नावं नोंदीच्या स्वतःच्या गुणधर्मांसाठी राखीव आहेत. त्यांपैकी एखादं 'एक्स्ट्रा'मध्ये दिलं तर थेट कीएरर येतो. हा एरर हँडलरच्या आधीच उडतो, त्यामुळे लॉगिंगची यंत्रणा तो गिळत नाही. नोंद करायला गेलेलं पेमेंटच कोसळतं. अपलोड झालेल्या फाइलचं नाव 'फाइलनेम' म्हणून नोंदवणं किती सहज घडेल, विचार करा. करारातच सांगून टाका: व्यवसायाची सगळी फील्डं एका 'डेटा' नावाच्या डिक्शनरीत जातील. प्रश्न कायमचा मिटतो.

ट्रेस आयडी हाताने प्रत्येक नोंदीत द्यायचा नसतो. रिक्वेस्ट आली की मिडलवेअरने तो 'ट्रेसपॅरेंट' हेडरमधून वाचावा, नसेल तर नवा बनवावा, आणि 'कॉन्टेक्स्टव्हार्स'मध्ये (चालू कामाचा संदर्भ जपणारं पायथॉनचं मॉड्यूल) ठेवावा. फिल्टर तिथून उचलतो. डब्ल्यूथ्रीसीच्या ट्रेस कॉन्टेक्स्ट मानकात हा आयडी ३२ हेक्स अक्षरांचा असतो. स्वतःचा आयडी शोधून काढण्यापेक्षा हेच स्वरूप घ्या, म्हणजे पुढे ओपनटेलिमेट्री (ट्रेस गोळा करणारी खुली साधनं) जोडायची झाली तर काही बदलावं लागत नाही.

दोन ठिकाणी आयडी हरवतो. एक: असिंकआयओचं नवीन टास्क संदर्भाची प्रत सोबत घेतं, पण थ्रेडपूलमध्ये पाठवलेलं काम सहसा घेत नाही, 'टू_थ्रेड' वापरलं तर संदर्भ जातो, 'रन_इन_एक्झिक्युटर' वापरलं तर नाही. जावाच्या एमडीसीची (नोंदींना जोडायचा संदर्भ ठेवण्याची जागा) कथा हीच, कारण तो थ्रेडशी बांधलेला असतो. दोन: फिल्टर लॉगरला लावला तर तो फक्त त्याच लॉगरवर केलेल्या नोंदींना लागतो, खालच्या लॉगरकडून वर आलेल्या नोंदींना नाही. म्हणून फिल्टर हँडलरला लावा. हे कागदोपत्री स्पष्ट लिहिलेलं आहे, तरी अनेक सामायिक लायब्ररींत चुकीच्या जागी सापडतं.

पायरी ५: गुप्त माहिती आणि लॉगिंगचे धोके

मे २०१८ मध्ये ट्विटरने आपल्या ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायची विनंती केली, कारण हॅश होण्याआधीचे मूळ पासवर्ड एका अंतर्गत लॉगमध्ये लिहिले जात होते. पासवर्ड साठवण्याची पद्धत नीट होती. गळती लॉगमधून झाली.

त्यामुळे झाकण्याचं काम सामायिक लायब्ररीत हवंच. दोन पद्धती आहेत. 'पासवर्ड', 'टोकन', 'सीक्रेट' अशा नावांची फील्डं शोधून पुसणं सोपं, पण 'पासवर्ड२' आलं की निसटतं. फक्त ठरलेल्या फील्डांनाच परवानगी देणं कडक, पण टीम वैतागतात. माझं मत असं की ॲप्लिकेशनच्या नोंदींसाठी पहिली पद्धत चालते. रिक्वेस्टची हेडरं आणि बॉडी नोंदवायची असेल तर मात्र दुसरीच. अख्खी रिक्वेस्ट डीबग पातळीवर ओतून देणारी सोय लायब्ररीत ठेवूच नका. 'प्रॉडक्शनमध्ये डीबग बंद असतं' या वाक्यावर कुणाचा पासवर्ड सोपवू नये.

दुसरा धोका, बाहेरून आलेला मजकूर. वापरकर्त्याच्या नावात नवी ओळ घुसवून खोटी लॉग नोंद तयार करता येते. जेसन फॉर्मॅटर नव्या ओळीला एस्केप करतो, म्हणून हा प्रश्न आपोआप सुटतो. याहून भयंकर प्रकार डिसेंबर २०२१ मध्ये सगळ्यांनी पाहिला. लॉगफोरजे २ ही लायब्ररी नोंदीच्या मजकुरातले खास संकेत उलगडत असे, आणि जेएनडीआयच्या (नावावरून वस्तू शोधून आणणारी जावाची सोय) वाटेने त्यातून दूरच्या सर्व्हरवरचा कोड चालवता येत होता. या त्रुटीचा नोंदणी क्रमांक सीव्हीई-२०२१-४४२२८, तीव्रता १० पैकी १०. दुरुस्ती २.१५.० मध्ये आली, मग त्यातल्या उणिवांसाठी २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१, सगळं त्याच महिन्यात. लॉगिंग लायब्ररीने मजकूर लिहावा, त्याचा अर्थ लावू नये. तुमच्या फॉर्मॅटरला कुणी 'संदेशात टेम्प्लेट चालवता आलं तर बरं' असं सुचवलं तर हे आठवून नाही म्हणा.

वेगाबद्दल थोडक्यात: संदेश आधी जोडून देऊ नका, तुकडे वेगळे द्या, म्हणजे पातळी बंद असेल तर जोडणीचा खर्च होत नाही. आणि नेटवर्कवर लिहिणारा हँडलर रिक्वेस्टच्या वाटेत कधीच नको. लागलाच तर पायथॉनचे 'क्यूहँडलर' आणि 'क्यूलिसनर' मध्ये घाला, रांगेला मर्यादा ठेवा आणि रांग भरली तर नोंद टाकून द्यायची की थांबायचं ते लिहून ठेवा.

पायरी ६: टेस्टिंगचं पॅकेज

इथे मोह उलटा असतो. लॉगिंगमध्ये लोक फार गुंडाळतात. टेस्टिंगमध्ये एक भला मोठा 'बेसटेस्ट' क्लास करतात, ज्याच्या सेटअपमध्ये डेटाबेस, कॅशे, नकली वापरकर्ता सगळं उभं राहतं. एका फंक्शनची बेरीज तपासणारी टेस्टसुद्धा मग डेटाबेसची वाट बघत बसते. जावात तर एकाच क्लासकडून वारसा घेता येतो, त्यामुळे दुसऱ्या टीमचा बेसक्लास वापरायचा रस्ताच बंद. जेयुनिट ५ मधली एक्स्टेन्शन्स किंवा पायटेस्टची फिक्स्चर्स घ्या: ज्या टेस्टला जे लागतं, ते ती मागते.

पॅकेजात काय शोभतं? वैध नमुना वस्तू बनवणारी फंक्शनं, ज्यांत टेस्टला हवं तेवढंच बदलता येतं. हातात धरून पुढे सरकवता येणारं घड्याळ. बाहेरच्या सेवांच्या नकली आवृत्त्या. मोकळं पोर्ट देणारा सर्व्हर. त्यासाठी पोर्ट ० मागितलं की ऑपरेटिंग सिस्टिम स्वतः मोकळं पोर्ट देते, ठरावीक क्रमांक लिहायचा नाही. आणि तुमच्या लॉग-कराराची तपासणी.

पायटेस्टमध्ये 'कॉन्फटेस्ट' फाइल आपल्या फोल्डरपुरती चालते; रेपोंमध्ये वाटायचं असेल तर 'पायटेस्ट११' या एंट्री पॉइंटखाली प्लगइन नोंदवा. पॅकेज बसवलं की फिक्स्चर्स आपोआप उपलब्ध होतात. पण 'ऑटोयूज' मात्र टाळा. पॅकेज नुसतं इन्स्टॉल झालं म्हणून दुसऱ्याच्या सगळ्या टेस्टमध्ये घड्याळ थांबलं, तर त्या माणसाला ते कुठून आलं हे शोधायला अर्धा दिवस लागेल.

आणखी एक बारकावा. पायटेस्ट साध्या 'असर्ट'चं रूपांतर करून डावी-उजवी किंमत नीट दाखवतो, पण हे रूपांतर टेस्ट फाइली आणि नोंदवलेल्या प्लगइन्सपुरतंच होतं. तुमच्या पॅकेजातल्या साध्या साहाय्यक मॉड्यूलमध्ये असर्ट फसला तर नुसतं 'असर्शनएरर' दिसेल, कारण कळणार नाही. ते मॉड्यूल इम्पोर्ट होण्याआधी 'रजिस्टर_असर्ट_रीराइट'ने नोंदवा. गोमध्ये याच जातीची सोय 'हेल्पर' ही आहे: साहाय्यक फंक्शनच्या पहिल्या ओळीत ती बोलावली की अपयश मूळ टेस्टच्या ओळीवर दाखवलं जातं. टेस्ट फसल्यावर वाचणाऱ्याला काय दिसतं, यावरच टेस्टिंग लायब्ररीची पारख करावी. हिरव्या टेस्टचं आउटपुट कुणी वाचत नाही.

नकली आवृत्त्यांबद्दल एक नियम पाळा: जी नकली सेवा तुम्ही वाटता, तिच्यावर आणि खऱ्या सेवेवर एकच टेस्टसंच चालला पाहिजे. खऱ्या सेवेवर रोज नाही, तरी रात्रीच्या बिल्डमध्ये. नाहीतर नकली फाइल स्टोअर नसलेलं फोल्डर गुपचूप तयार करतं, खरं स्टोअर एरर देतं, आणि सगळ्या टीमच्या टेस्ट हिरव्या असूनही प्रॉडक्शन लाल होतं.

टेस्ट समांतर चालत असतील तर लक्षात असू द्या की 'पायटेस्ट-एक्सडिस्ट'मध्ये 'सेशन' व्याप्तीचं फिक्स्चरसुद्धा प्रत्येक वर्करमध्ये स्वतंत्र चालतं. डेटाबेसच्या नावात वर्करचा आयडी घाला.

पायरी ७: लॉगची टेस्ट

दोन्ही पॅकेजेस इथे भेटतात. प्रत्येक नोंदीची टेस्ट लिहू नका. शब्द बदलला की टेस्ट फुटते आणि कुणाचंच भलं होत नाही. ज्या नोंदीवर अलर्ट, डॅशबोर्ड किंवा ऑडिट अवलंबून आहे तिचीच टेस्ट लिहा, आणि संदेशाऐवजी पातळी आणि फील्डं तपासा.

पायटेस्टचं 'कॅपलॉग' फिक्स्चर आपला हँडलर रूटवर लावतं. त्यामुळे एखाद्या लॉगरचं 'प्रोपगेट' (नोंद वरच्या लॉगरकडे पाठवणं) बंद असेल तर कॅपलॉगला काहीच दिसत नाही. टेस्टमध्येच ॲप्लिकेशनचं सेटअप फंक्शन चालून 'डिक्टकॉन्फिग'ने रूटचे हँडलर बदलले, तर कॅपलॉगचा हँडलरही त्यात उडतो. 'नोंद स्क्रीनवर दिसते, पण कॅपलॉग रिकामा' या तक्रारीमागे बहुधा या दोनपैकी एक कारण असतं. सेटअप फंक्शन 'मेन'मध्येच राहिलं, इम्पोर्टमध्ये नाही, तर दुसरी अडचण उद्भवतच नाही.

लॉगिंग पॅकेजच्या स्वतःच्या टेस्टमध्ये हे तरी हवं: ठरलेल्या नोंदीची जेसन ओळ जशीच्या तशी जुळते; जेसनमध्ये न बसणारी वस्तू दिली तर नोंद फसत नाही, मजकुरात उतरते; पासवर्ड दोन थर आत लपवला तरी पुसला जातो; सेटअप दोनदा चाललं तरी ओळ एकदाच येते.

पायरी ८: व्हर्जन आणि वाटप

सिमँटिक व्हर्जनिंग (मेजर.मायनर.पॅच असे क्रमांक; तोडणारा बदल झाला की मेजर वाढतो) पाळा, पण 'तोडणारा बदल' कशाला म्हणायचं ते या पॅकेजेसपुरतं वेगळं ठरवा. लॉगमधल्या फील्डचं नाव बदललं तर कुणाचाही कोड कंपाइल व्हायचा थांबत नाही. थांबतात ते अलर्ट, आणि तेही आवाज न करता. तो मेजर बदल आहे. टेस्टिंगच्या पॅकेजात तपासणी कडक केली तर कुणाचा तरी बिल्ड लाल होणार, तोही मेजर.

लायब्ररीने आपल्या डिपेंडन्सीची सैल मर्यादा सांगावी, ॲप्लिकेशनने लॉकफाइलमध्ये नेमकं व्हर्जन बांधावं. पायथॉनच्या एका वातावरणात एका पॅकेजचं एकच व्हर्जन बसतं, त्यामुळे लायब्ररीने नेमकं व्हर्जन बांधलं की दोन लायब्ररींचं भांडण लागतं आणि सोडवायला कुणीच मोकळं नसतं. त्याहून उत्तम, लॉगिंगच्या पॅकेजला बाहेरची डिपेंडन्सी शून्य ठेवा. फॉर्मॅटर, फिल्टर आणि एक फंक्शन एवढ्यासाठी स्टँडर्ड लायब्ररी पुरते. मार्च २०१६ मध्ये 'लेफ्टपॅड' हे ११ ओळींचं पॅकेज एनपीएमवरून काढलं गेलं तेव्हा जगभरचे बिल्ड अडले होते. एवढ्या कोडसाठी अवलंबून राहायचं का, हा प्रश्न प्रत्येक डिपेंडन्सीला विचारावा.

कुठली सर्व्हिस कुठलं व्हर्जन वापरते हे काही मिनिटांत सांगता आलं पाहिजे. लॉगफोरजेच्या वेळी पुष्कळांचा वेळ दुरुस्तीपेक्षा 'आपण ती कुठे-कुठे वापरतो' हे शोधण्यात गेला, कारण ती दुसऱ्या लायब्ररींच्या पोटातून आलेली होती. मेव्हनचं 'डिपेंडन्सी:ट्री', 'एनपीएम एलएस', गोचं 'मॉड व्हाय' ही हत्यारं शांत दिवशी वापरून बघा.

पायरी ९: एकेक सर्व्हिस हलवणे

सगळीकडे एकाच दिवशी बदल करू नका. कमी महत्त्वाची, पण वर्दळ असलेली एक सर्व्हिस निवडा. तिचे डॅशबोर्ड आणि अलर्ट आधी जुनी-नवी दोन्ही फील्डनावं ओळखतील असे बदला, मगच पॅकेज बसवा. आठवडाभर लॉगचा आकार पाहा. जेसनमुळे तो वाढतो, आणि साठवणुकीचं बिल येईपर्यंत वाट पाहण्यात अर्थ नाही.

पॅकेजला मालक हवा: बदल कोण तपासतं, तक्रार कुठे करायची, हे रीडमीच्या पहिल्या परिच्छेदात. वापरणाऱ्या दोन-तीन सर्व्हिसेसच्या टेस्ट पॅकेजच्या प्रत्येक मर्जआधी चालवता आल्या तर उत्तम. एवढं जमलं तर बाकीच्या औपचारिकतांपैकी निम्म्या सोडून दिल्या तरी चालतील.

जुनं फंक्शन काढायचं असेल तर आधी 'डेप्रिकेशनवॉर्निंग' द्या. पायथॉन ती इशारत एरवी लपवून ठेवतो, पण पायटेस्ट शेवटच्या सारांशात दाखवतो, म्हणजे ती योग्य माणसाच्याच नजरेस पडते. वॉर्निंगमध्ये नव्या फंक्शनचं नाव आणि कुठल्या व्हर्जनमध्ये जुनं जाणार ते लिहा. मग सगळ्या रेपोंमध्ये त्या नावाचा शोध घ्या. उरलेल्या हाका दोन-चारच असतील तर संबंधित टीमला आठवण करत बसू नका. त्यांच्या रेपोत बदलाची पुल रिक्वेस्ट तुम्हीच उघडा आणि ती मर्ज झाली की पुढच्या मेजर व्हर्जनमध्ये फंक्शन काढून टाका.